खालून दिलेला हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, नणंदेला तर नाहीच. सांगण्याएवढं मोठं काही नाही, असं इतकी वर्षं स्वतःला पटवत आले — पण मोठं नसतं, तर पटवावं कशाला लागलं असतं?

आधी घरातली माणसं सांगते. पनवेलला तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. मी, नवरा आणि सासरे. सासऱ्यांना आम्ही बाबा म्हणायचो. त्यांचं आयुष्य उरणकडच्या मिठागरांत गेलं. मिठागरं गेली, मग सासूबाई गेल्या, आणि बाबा आमच्याकडे आले. मी न्हावा शेव्याला उतरलेला माल सोडवून देणाऱ्या एका एजंटच्या ऑफिसात काम करते. अडकलेला कंटेनर हलवायचा, एवढंच मला नीट येतं. वाट बघणं माझ्या स्वभावात नाही. हे सबब म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगते.

शेजारच्या प्लॉटवर जेसीबी लागला आणि तिथली झाडं पडली, त्या संध्याकाळी बाबा फिरून आले ते काठी आडवी धरून. काठीवर हिरवा घोयरा, रंग बदलणारा सरडा. शेपटीची गुंडाळी, एक डोळा माझ्याकडे, दुसरा पंख्याकडे. रस्त्याच्या मधोमध होता म्हणे, डंपर येत होता, यांनी काठी पुढे केली आणि तो चढला.

"पावना आलाय," बाबा म्हणाले.

असला प्राणी घरात ठेवणं कायद्यात बसत नाही, हे मी लगेच सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "मी पन इथं पावनाच हाय. माज्यावर केलीस का केस?" नवरा हसला. विषय संपला.

आमच्या बाल्कनीला ग्रिल आहे, त्यावर बारीक जाळी. घोयरा कुंडीतल्या जास्वंदीवर राहू लागला. पहिले काही दिवस जवळ कुणी गेलं की काळा पडायचा, अंग फुगवायचा, तोंड उघडून फिस्कारायचा. बाबा शेजारी स्टूल टाकून बसायचे. काही करायचे नाहीत, नुसते बसायचे. माश्या याव्यात म्हणून केळ्याच्या साली कुजत ठेवायचे — माझ्या बाल्कनीत! मी नाक मुरडून खपवून घेतलं. इस्त्रीच्या फवाऱ्यानं पानांवर पाणी मारायचे, तो थेंब चाटायचा.

मग त्यांनी हात पुढे करायला सुरुवात केली. बाबांचा हात कापायचा. बरीच वर्षं कापत होता. चहा सांडू नये म्हणून मी त्यांना अर्धाच कप भरायची, आणि ते का, हे त्यांना कळायचं. तो हात ते फांदीच्या खाली नेऊन तसाच ठेवायचे. "वरून हात आला का त्याला वाटतं घार आली. हात खालून द्यायचा. आन मंग इसरून जायचं."

एका सकाळी तो चढला. घोयरा चालतो कसा, पाहिलंय का तुम्ही? पुढे-मागे झुलत, वाऱ्यावर पान हलावं तसा. कापणारा हात त्याला फांदीच वाटला असेल. ज्या हातात कप ठरत नव्हता, त्या हातावर तो निवांत बसला होता. मी स्वयंपाकघरातून बघत राहिले. दूध उतू गेलं.

नंतर बाबांनी मला बसवलं. माझा हात पुढे आला की तो काळाठिक्कर. "तुजा हात कामाला आल्यासारखा येतो," बाबा म्हणाले. खरंच होतं. पण मीही हट्टी. ऑफिसातून आले की पर्स ठेवायची आणि त्या स्टुलावर बसायचं. फोन आत. आधी जीव जायचा. मग, काय सांगू, दिवसभरात तेवढाच वेळ असा असायचा की मला कुणाला कुठे हलवायचं नसायचं. आणि एके दिवशी त्यानं माझ्या बोटावर पाय ठेवला. दोन बोटं एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला, चिमट्यासारखी. मग दुसरा पाय. मी श्वास धरून बसले होते. बाबा मागे उभे होते. "बसला भरवसा," एवढंच म्हणाले.

इथंच थांबता आलं असतं तर बरं होतं.

आम्ही दोघांनी केरळला जायचं ठरवलं. लग्नानंतर प्रथमच, दोघंच. रजा मिळाली, तिकिटं झाली, तेवढे दिवस बाबांना उरणला आपल्याकडे ठेवून घ्यायला नणंद तयार झाली. पण तिला सरड्याचं नाव काढलं तरी शिसारी येते. आणि बाबा म्हणाले, पावन्याला टाकून मी नाय येत. प्रेमानं सांगून झालं, चिडून झालं. "आता कुटं त्याचा भरवसा बसलाय," म्हणाले. सहलीवर पाणी पडतंय, असं मला दिसायला लागलं. आणि अडकलेलं काही दिसलं की मी काय करते, ते वर लिहिलंच आहे.

दुपारी बाबा झोपले होते. मी बाल्कनीत गेले, हात खालून दिला. तो आला. लगेच आला — आता मला ओळखत होता. ओढणी वरून घेतली आणि गाढी नदीच्या बाजूला झाडी आहे तिथवर चालत गेले. एका करंजाच्या फांदीला हात लावला. तो बोट सोडेना. रागावून नव्हे. हिरवागार होता, शांत. वाटेत एकदाही काळा पडला नाही. एकेक पाय मला सोडवावा लागला.

कायदा? कायदा मला तेव्हा आठवलाच नव्हता. तो परतीच्या वाटेवर आठवला, स्वतःला सांगण्यापुरता.

आणि अजून मी कबूल केलेलंच नाही. सोडून दिला हा काही गुन्हा नव्हे. तो झाडावरचाच जीव.

बाबा रोज सकाळी चिमण्यांना तांदूळ टाकायला ग्रिलची छोटी झडप उघडायचे आणि आठवणीनं कडी लावायचे. घरी आल्यावर मी ती कडी काढली, झडप अर्धवट ठेवली आणि चहा टाकला. ते उठले, बाल्कनीत गेले. जास्वंदीचं पान न् पान उलटून बघितलं. मग म्हणाले, "पोरी, कडी मी लावली नवती का गं?"

मी म्हटलं, "राहिली असेल, बाबा. होतं असं या वयात."

होतं असं या वयात. एवढं सहज. ते झडपेकडे बघत उभे राहिले. हात कापत होता, त्याकडेही बघितलं. मग पिशवी भरायला घेतली. उरणला जायला आता त्यांची काही हरकत नव्हती.

केरळ छान होतं. हेही सांगून टाकते.

त्याआधी बाबांचा हात तेवढा कापायचा, डोकं स्थिर होतं. परत आल्यावर मात्र ते गॅस दोनदा बघायचे, नळ बघायचे, दाराशी जाऊन परत यायचे. एकट्यानं खाली जाणं सोडलं. विसरत काही नव्हते — मी मुद्दाम लक्ष ठेवलं होतं, एक गोष्ट विसरले नाहीत. झोपायच्या आधी हाक मारायचे, "पोरी, कडी बग गं. माजा भरवसा नाय आता." मी जायची, कडी ओढून बघायची. कायम लागलेलीच असायची. "लागलीय, बाबा," म्हणायची. रोज एकदा खरं सांगता यायचं, आणि रोज एकदा खरं सांगायचं राहायचं.

गेल्या वर्षी ते गेले. शेवटी शेवटी डॉक्टरकडे न्यायचं तर जिना उतरताना मी त्यांना हात द्यायची. वरून पकडायची नाही, खालून द्यायची. तेवढं मी त्यांच्याकडून शिकले होते. ते तो कापरा हात माझ्या हातावर ठेवायचे, सगळा भार टाकायचे, आणि मी नेईन तिकडे यायचे. कुठं नेतेस, हे त्यांनी कधी विचारलं नाही.