कुंदा सिस्टर आणि तरोट्याची भाजी

कुंदा सिस्टर माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहत असे, आधी पायाकडे. मोहर्लीजवळच्या आमच्या गावच्या दवाखान्यात मी बायकोच्या खोकल्याचं औषध घ्यायला गेलो, तर ही म्हणते, "भाऊ, डावा पाय काऊन सुजला?"

"बैलानं हाणलं," मी म्हणालो.

"बैलाले विचारून येऊ काय?"

बैल आम्ही दोन वर्षांआधीच विकला होता. तिनं मला तिथूनच चंद्रपूरला धाडलं. पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ निघाली. ती फुप्फुसात सरकली असती तर हे लिहायला मी उरलो नसतो. रक्त तपासलं, त्यात काही दोष दिसला, अन् बारा आठवड्यांनी पुन्हा तेच तपासलं. मी चिडलो. माझं रक्त काय खोटं बोलते? सिस्टर म्हणाली, "तापातही कधी असं दिसते, भाऊ. दोनदा सापडलं तरच पक्कं."

दोनदा सापडलं. नाव निघालं अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम. मी चौथी शिकलेला, जंगलाच्या नाक्यावर चौकीदारी केलेला माणूस. तिनं मला उमजेल असं सांगितलं, "तुमच्या अंगातले चौकीदार चोर सोडून घरच्याच माणसाले धरून राह्यले. त्या झटापटीत रक्त गोठते."

रक्त पातळ ठेवायची रोजची गोळी गाठ निघाली तेव्हापासूनच होती, आता ती जन्मभराची झाली. तपासणीत रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा दोन अन् तीनच्या मधात हवा. उन्हाळाभर राहिला. पावसाळ्यात दीडवर घसरला. म्हणजे पुन्हा गाठीची भीती.

"गोळी चुकवली काय, भाऊ?"

सिस्टरनं विचारलं. दवाखान्यातली सगळी रांग ऐकत होती. "एक बी नाई!" म्हणून मी तरातरा घरी आलो. पुन्हा त्या दारात पाय ठेवणार नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आमच्या चुलीपाशी हजर. चुलीवरल्या भाजीच्या गंजाचं झाकण उचललं, तर आत तरोटा.

"बाई, किती दिवसांपासून?"

"पाणी पडल्यापासून," बायको म्हणाली. "दोन्ही वेळ हेच. रानात उगवते, कोण सोडते?"

सिस्टरनं कपाळाला हात लावला. "हिरवी भाजी गोळीचा जोर मोडते. सोडू नका, पण बाराही महिने सारखीच खा, वाटीभर. एकदा टोपलंभर अन् मंग काहीच नाई, असं नको. गोळीचं मी डॉक्टरले विचारते."

पुढच्या तपासणीला, त्याच रांगेसमोर, ती म्हणाली, "भाऊवर मी उगाच संशय घेतला. भाजीचं विचारायले मीच चुकली."

नाक्यावर उभा जन्म गेला, कोण्या साहेबानं मला असं कधी म्हटलं नव्हतं. छाती फुगायला हवी होती. फुगेना.

"सिस्टरबाई," मी म्हणालो, "आलापल्लीच्या लग्नात तीन गोळ्या बी राह्यल्या होत्या."

रांग हसली. सगळ्यात जास्त तीच हसली. "तवाच सांगतलं असतं तर माहा फेरा वाचला असता!"

"मंग तरोटा कसा सापडला असता?" मी म्हणालो.

गेल्या साली तिची एटापल्लीला बदली झाली. पाय माझा शाबूत आहे. नवी सिस्टर म्हाताऱ्यांना विचारायला लाजते. म्हणून मीच आधी सांगून टाकतो, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं: काय खाल्लं, किती खाल्लं, अन् कोणत्या दिवशी गोळी विसरलो.