मॉडेलवरचा चिंचोका

चीनच्या लढाईनंतर आमच्या पाटबंधारे खात्याला एकदम जाग आली. उद्या कोणी मुळशीच्या धरणावर बॉम्ब टाकला तर पाणी कुठं आणि किती वेळात पोचेल, हे आधीच काढून ठेवायचं ठरलं. त्यासाठी धरणाजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये खालच्या खोऱ्याचं सिमेंटचं मॉडेल बांधलं आणि ते चालवायला मला धाडलं. मी सव्वीस वर्षांचा, बिनलग्नाचा आणि सगळ्यांच्या चुका काढतो म्हणून कचेरीत नकोसा झालेला.

मॉडेलवरचं एक पाऊल म्हणजे खरी चारशे पावलं, आणि पाण्याच्या हिशेबानं तिथला एक सेकंद म्हणजे खरे वीस. वरच्या अंगाला पाण्याची टाकी, टाकीला झडप. झडप उघडली की धरण फुटलं. लाकडाचे बारीक ठोकळे म्हणजे वस्त्या. पाणी ठोकळ्याला टेकलं की स्टॉपवॉच दाबायचं आणि वहीत सेकंद लिहायचे. दिवसातून आठ-दहा वेळा मी खोरं बुडवायचो आणि फडक्यानं पुसून कोरडं करायचो. पंपावरचा गडी पाचच्या ठोक्याला गावात निघून जाई. मग उरलेला दिवस माझा एकट्याचा, आणि तो संपता संपत नसे. एकदा झडप उघडताना मी "पळा रे, पळा!" असं मोठ्यानं ओरडलो, नुसता माणसाचा आवाज कानावर पडावा म्हणून.

बोलणारं माणूस एकच होतं. नदीकाठच्या माळावर एकटी राहणारी एक शेळ्यावाली म्हातारी. रोज सकाळी ती मला तांब्याभर दूध आणून द्यायची. वहीत लिहिणारा जो तो तिच्या लेखी मास्तर, त्यामुळे मीही मास्तर; मी तिला मावशी म्हणायचो. पहिले चार दिवस मी शेळीच्या दुधाला नाक मुरडलं, पुढं उजाडल्यापासून तिची वाट बघू लागलो. ती माझ्या करपलेल्या भाताला नावं ठेवायची. "कुत्रं तरी पाळ, मास्तर," म्हणायची, "सोताशीच बोलतुयास, बाहीर ऐकू येतंय."

एके दिवशी माझ्या ध्यानात आलं की मावशीचं घर मॉडेलवर नाहीच. नकाशा जुना, त्यात तिच्या जागी मोकळा माळ दाखवलेला. चुकलेला नकाशा मला सोसत नाही. तिनंच दिलेल्या चिंचांतला एक चिंचोका घेतला, माळावर पावलं टाकून जागा मोजली आणि मॉडेलवर तो लाखेनं चिकटवला. खरं सांगायचं तर त्या उघड्या सिमेंटवर ओळखीचं एक घर असावं, एवढंच मला हवं होतं.

झडप उघडली. सत्तावीस सेकंद. म्हणजे खरी नऊ मिनिटं. तीनदा मोजलं, तरी नऊच. धरणावरून तिच्या दारापर्यंत सायकलनं निरोप न्यायला किती वेळ लागतो ते मी स्वतः जाऊन पाहिलं. पंधरा मिनिटं. दुसऱ्यांदा जीव तोडून सायकल मारली, तरी तेरा. आणि खात्याचा नियम असा, की निरोपाआधी जिथं पाणी पोचतं ते घर हलवायचं.

महिनाअखेरीला साहेब आले. त्यांनी चिंचोक्यावर छडी टेकवली.

"हे काय?"

"घर आहे, साहेब. नकाशात राहून गेलंय."

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं चिकटवायला?" ते वैतागून म्हणाले. "आता दिसलंय म्हणजे लिहावंच लागणार."

मी लिहिलं. न लिहिता गप्प बसलो असतो तर चाललं असतं, असं मला पुढं कितीदा तरी वाटलं. तेव्हा मात्र ती नऊ मिनिटं डोळ्यांपुढून हलत नव्हती.

नोटीस मिळाल्यावर मावशी पहिल्यांदाच शेडच्या आत आली. "दाव मला," म्हणाली. मी झडप उघडली. चिंचोक्यावरून पाणी गेलं. तिनं खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "आन आमचं गाव कुटं हाय ह्यात?"

ती परकरी पोर असताना तिचं माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं, हे मला ठाऊक होतं. पण मॉडेल धरणापासून खालचं. वरची सगळी गावं मिळून ती एक टाकी. मी टाकीकडे बोट केलं.

"हितं व्हय?" असं म्हणून तिनं कोपरापर्यंत हात आत घातला आणि तळ चाचपला.

"पयल्या बारीला खरं पानी तरी आलं व्हतं, मास्तर," ती म्हणाली. "ह्या बारीला तुज्या बादलीभर पान्यानंच उटवलं."

धरण भक्कम आहे मावशी, एवढंही मला म्हणता आलं नाही. ते म्हटलं असतं तर मग तिला का उठवतो, हे सांगावं लागलं असतं.

आठवड्याभरात ती शेळ्या घेऊन बावधनला पुतण्याकडे निघून गेली. मला सांगायला आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीनं दुधाचं पातेलं विसळून दाराशी ठेवलं, आणि मग ते रिकामंच दिसलं तसा दार लावून रडलो.

पुढं साहेबांचा कागद आला. तिथं आता कोणी राहत नाही, तेव्हा मॉडेल दुरुस्त करून अहवाल पाठवावा. मी चाकूनं चिंचोका उचकटला. धरणाला आजवर काही झालेलं नाही. अहवालात त्या जागेपुढं माझ्याच अक्षरात लिहिलंय, "मोकळा माळ, वस्ती नाही." जुन्या नकाशातही तेच होतं.