नाकीडोळी नीटस

परवा शनिवारी दुपारी इथे अमेरिकेत, आमच्या अल्फारेटा गावातच एका काका-काकूंकडे सिनेमा बघायला जमलो होतो. डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितेय.

काका रिटायर्ड डॉक्टर, फार वर्षांपूर्वी इकडे आलेले. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट अमेरिकन सिनेमांचं त्यांना वेड. या वेळचा पन्नास सालच्या आसपासचा होता... एक काळी शिक्षिका छोट्या गावात नोकरीला येते आणि घरमालकीण तिला तोंडावर सांगते, पुढच्या दारानं यायचं नाही.

शेवटाला सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. काकू तर सारख्या टिश्यूनं डोळे टिपत होत्या. काका म्हणाले, "आम्ही आलो तेव्हा आम्हालाही कोणी घर भाड्यानं देत नव्हतं. फोनवर हो म्हणायचे, दारात आम्हाला बघितलं की नाही." मलाही भरून आलं.

माझी धाकटी बहीण स्टेट कॉलेज नावाच्या गावी पीएचडी करते, सध्या सुट्टीत माझ्याकडे आलीय. सांता क्लाराला असलेल्या काकूंच्या भाच्याशी तिचं फोनवर छान जुळलंय. काकू तिला पहिल्यांदाच बघणार म्हणून एरवी जीन्समध्ये असणारी पोरगी चक्क साडी नेसली होती.

चहाच्या वेळी काकूंनी मला किचनमध्ये बाजूला घेतलं. "मुलगी गुणी आहे गं. नाकीडोळी नीटसही आहे..."

झालं. पुढचं ऐकायची गरजच नव्हती. गोऱ्या मुलीला कोणी कधी 'नाकीडोळी नीटस' म्हटलेलं ऐकलंय? गोरी असली की तिचं नाक नि डोळे कोणी तपासायला जात नाही. माझ्या बहिणीला मात्र हे कौतुक बारशापासून ऐकावं लागतंय.

तरी काकूंनी पुढचं बोलून टाकलंच. "आमच्या माहेरी सगळे गोरे ना... उद्या मुलं झाली की प्रश्न येतो."

तळपायाची आग मस्तकात गेली. ओला टिश्यू अजून त्यांच्या मुठीत होता आणि ही बाई मला हे सांगत होती! म्हटलं, "काकू, आत्ता तुम्ही कशासाठी रडत होतात?"

त्या खरंच गोंधळल्या. "अगं, ते रेसिझम होतं. हे आपलं लग्नाचं बघणं आहे... त्याचा इथे काय संबंध?"

मागे वळून बघितलं तर बहीण रिकाम्या बशा घेऊन दारात उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. बशा सिंकमध्ये ठेवून ती म्हणाली, "ताई, निघूया."

गाडीत बसल्याबसल्या तिनं त्याला फोन लावला, स्पीकरवर. त्याच्या आत्या काय म्हणाल्या ते जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, जुनी माणसं आहेत यार. तू मनाला लावून घेऊ नकोस. मी त्यांना समजावतो, थोडा वेळ दे."

"काय समजावणार? की मी सावळी असले तरी चालेल?"

तिनं फोन कट केला.

घरी येऊन खूप रडली. आवडला होता तिला तो. मला मात्र अजून रडू येत नाहीये, नुसता संताप होतोय... आणि खरं सांगू, अशा पोरीची ताई असल्याचा थोडा माजही.