पाणबुड्याला दोन मार्क

सकाळचा दुसरा चहा झाला की तासभर कुणी काही मागायचं नाही, असा ऑपरेटर मावशींच्या घरचा कायदा होता. त्या तासात मावशी खिडकीजवळच्या खुर्चीत एखादं जुनं कॉमिक घेऊन बसत. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर पुस्तक, आणि चष्म्याआडून नजर अशी की चित्रातल्या चोरानंही सरळ कबुलीजबाब द्यावा.

तीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून काढली. पहिल्या पगारापासून रद्दीच्या दुकानांतून जमवलेली कॉमिक्स आता भिंतभर कपाटात दाटीवाटीनं उभी होती. प्रत्येकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली. तिच्यावर मावशींचं परीक्षण, खाली दहापैकी मार्क. ‘राक्षस तीन पानं नुसता हसतो. त्याला काहीतरी काम द्यायला हवं होतं. चार.’ ‘राजकन्या एवढी हुशार, मग दर वेळी हीच कशी हरवते? पाच.’ नऊच्या वर अजून कुणी गेलं नव्हतं.

अलीकडे भाची या चिठ्ठ्यांचे फोटो काढून फोनवर टाकायची आणि लोक ते चवीनं वाचायचे. मावशींना म्हणे त्याचं काही अप्रूप नव्हतं. फक्त रोज सकाळी तिला फोन करून काल किती जणांनी वाचलं तेवढं विचारायच्या.

त्या दिवशी जेमतेम चौथं पान उलटतंय तोच दार वाजलं. काका मटार सोलत बसले होते. ते आयुष्यभर बाइंडिंगच्या धंद्यात होते, त्यामुळे शेंगासुद्धा एका रांगेत लावून सोलायचे. कायदा बाहेरच्यांना माहीत नसतो असं काहीतरी पुटपुटत त्यांनी दार उघडलं.

दारात कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले एक किडकिडीत म्हातारे गृहस्थ. मागे स्कूटरची किल्ली बोटात फिरवत एक बाई, त्यांची सून.

“पाणबुड्याला दोन मार्क देणाऱ्या बाई इथंच राहतात का?” गृहस्थांनी विचारलं.

मावशींना ते परीक्षण तोंडपाठ होतं. ‘पाणबुड्या बुडालेल्या जहाजातून सुखरूप वर येतो. मग हवेची नळी तुटून तळाला जातो. बुडबुडे थांबतात, खलाशी टोप्या काढतात. आणि पुढच्या पानावर हा धक्क्यावर बसून चहा पितोय! माणूस मेला की जिवंत, हे चित्रकारालाच ठाऊक नाही. निष्काळजी काम. दोन मार्क, तेही समुद्राच्या निळ्या रंगासाठी.’

हेच ते चित्रकार. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आणि तरुणपणी हे एकच कॉमिक लिहिलं, काढलं. सहा भाग निघाले आणि प्रकाशकानं गाशा गुंडाळला. स्वतःजवळची प्रत घरं बदलताना कुठेतरी गेली. सुनेनं फोनवर परीक्षण वाचून दाखवल्यापासून त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. घास हातात धरून म्हणायचे, टोप्या आधी, जहाज नंतर. शेवटी सुनेनं भाचीकडून पत्ता मिळवला.

“माझा पाणबुड्या मेलाच नव्हता, बाई,” ते म्हणाले. “मी बाकी काहीही असेन, निष्काळजी नाही.”

मावशींचा पारा जरा चढलाच. जे समोर होतं तेच आपण लिहिलं, पदरचं एक अक्षर घातलं नाही, असं सांगून त्यांनी लाल कापडी बांधणीचं पुस्तक काढून पुढ्यात ठेवलं. गृहस्थांनी रुमालाला बोटं पुसली आणि पानं उलटायला लागले. दुसऱ्या भागाशी हसले, तिसऱ्याशी मान डोलावली, आणि मग थबकलेच.

“हा पाचवा भाग. हा चौथ्याच्या आधी कसा?”

खोलीत मटारच्या शेंगा मोडण्याचा आवाज तेवढा बंद झाला.

मावशींनी मान वळवली. “अहो,” एवढंच म्हणाल्या.

काकांनी भांडं बाजूला ठेवलं. लग्नाआधीची गोष्ट. मावशी रद्दीवाल्याकडून सुटे भाग घेऊन, न वाचताच, पहिल्यांदा त्यांच्या दुकानात आल्या होत्या. कव्हरं फाटकी होती म्हणून काकांनी ती काढून टाकली. प्रत्येक भागाची पानं पुन्हा एकपासून सुरू. दोन गठ्ठे खालीवर झाले असणार.

“आणि उभ्या जन्मात माझं एक पान चुकलं नाही, हे रोज कोण ऐकवतं?”

“चुकलं नाहीच. त्या दिवशी तू काउंटरपाशी उभी होतीस. तो दिवस मी धरत नाही.”

सून फिस्सकन हसली. मावशी लाजल्या, पण ते दिसू नये म्हणून त्यांनी पुस्तकच ओढून घेतलं. मध्ये बोट घालून आधी चौथा भाग मोठ्यानं वाचला, खलाशांचे घोगरे आवाज काढून. चित्रकारांचे ओठ बरोबरीनं हलत होते. टोप्या निघाल्या तिथं मावशींनी आवाज खाली आणला. मग मागे उलटून पाचवा. बुडालेल्या जहाजाच्या एका बंद खोलीत हवा उरली होती, तिथं हा पठ्ठ्या छातीइतक्या पाण्यात उभा, आणि तिथूनच सुखरूप वर आला. शेवटी सहावा, धक्का आणि चहा.

“एवढी वर्षं या भल्या माणसाला मी पाण्यात बुडवून ठेवलं,” मावशी म्हणाल्या आणि डोळे पुसत हसायला लागल्या. “आठ मार्क.”

दोन कशाचे कापले, सुनेनं विचारलं. मावशींनी दुसऱ्या भागातलं सातवं पान उघडलं. कॅप्टनच्या डाव्या हाताला सहा बोटं होती. चित्रकारांनी चष्मा पुसून ती दोनदा मोजली आणि ठसका लागेस्तोवर हसले. आहेत खरी, म्हणाले. काकांना आपल्यावरचं लक्ष हटल्याचा आनंद झाला आणि त्यांनी उत्साहानं चहाचं आधण ठेवलं.

मावशींनी काकांची पातळ सुरी आणली. जुनी चिठ्ठी काढून तिथं नवी लावायची होती. काकांची खळ चिवट, पण एक कोपरा सुटत आला. तेवढ्यात चित्रकारांनी चिठ्ठीवर तळहात ठेवला.

“माझ्या कामावर कुणी चार ओळी लिहिल्या, त्या आजवर एवढ्याच,” ते म्हणाले. “ही काढू नका. नवी हिच्या खाली लावा.”