हॉस्पिटलच्या गेटासमोरचा बेंजो

आमच्या चाळीतल्या बेंजोवाल्याइतका स्वार्थी कलावंत परळ-लालबागात दुसरा झाला नाही, आणि हे मी पत्रक काढून सांगायला तयार आहे. माणूस बर्लिनला राहायला गेला. तिथे त्याने पहिला अल्बम केला, तोही सोलो. जन्मभर ढोल-ताशांच्या गर्दीत वाजवलं आणि आता एकट्यानं वाजवायची हौस आली. संघटनेत याला फुटीरपणा म्हणतात.

तसा तो पहिल्यापासूनच अवघड. त्याला फक्त सूर ऐकू यायचे, माणसं काय बोलतात ते नाही. शेजारच्या काकूंचा कुकर नेमका काळी चारमध्ये शिटी देतो म्हणून हा चहा घेऊन त्यांच्या दारात बसायचा. टॅक्सीत बेंजो मागच्या सीटवर आडवा, हा पुढे, आणि मी बसने यायचं. पुनर्विकासाच्या मोर्चात मी घसा फोडून घोषणा देत होते, तेव्हा कानाशी येऊन म्हणाला, "सुरुवात काळी चारात करतेस आणि शेवटी फाटतेस. जरा खाली घे ना." पेपरातल्या फोटोत मी चिडलेली दिसते, ती बिल्डरवर नव्हे.

बर्लिनमधल्या कुणीतरी त्याचा मिरवणुकीतला व्हिडिओ पाहिला आणि बोलावलं. व्हिडिओ मीही टाकते. मला वॉर्ड ऑफिसातसुद्धा कुणी बोलावत नाही. मी 'कलावंतांच्या पलायनाचा जाहीर निषेध' लिहून त्याच्या हातात दिला. त्यानं शांतपणे वाचला. "दुसऱ्या ओळीत ताल तुटतोय गं," म्हणाला, आणि घडी घालून बेंजोच्या पेटीत ठेवला.

जयंतीची आमची मिरवणूक हॉस्पिटलच्या गेटासमोर आली की वाजवणं बंद, घोषणा बंद, हा जुना नियम. सगळे हात खाली सोडून चालतात. हा मात्र तारा छेडायची नखी दातात धरायचा आणि डाव्या हाताने बटणं दाबत राहायचा. बाजूला चालणाऱ्या मला तेवढी टकटक ऐकू यायची. वेडा आहेस का, असं एकदा विचारलं, तर म्हणाला, "गाणं चालूच आहे. आवाज फक्त बंद केलाय." गेट ओलांडलं की गाणं जिथवर पोचायला हवं, नेमकं तिथूनच तो उचलायचा.

अल्बम आला. खोट काढायच्या तयारीनेच ऐकायला बसले. एका गाण्यात मधेच बेंजो थांबतो. नुसती टकटक.

फोन केला. म्हणाला, "इथला रेकॉर्डिंगवाला बिघाड समजून कापायला निघाला होता. हात लावू दिला नाही."

"तिकडे कुणाला कळणार आहे ते?"

"तिकडच्यांसाठी नाहीच ते."

मी म्हटलं, बरा आहे अल्बम. याहून जास्त मी कुणाला देत नाही.

यंदाच्या मिरवणुकीत नवा बेंजोवाला होता. गेट आलं, त्याने नियमाप्रमाणे हात खाली सोडले. माझी बोटं हातातल्या भोंग्यावर टकटक करत होती. गेट ओलांडल्यावर त्याने गाणं पहिल्यापासून सुरू केलं. मी केव्हाच कडव्यापर्यंत पोचले होते.