ट्रकच्या ट्यूबमधली हवा

आधीच सांगून टाकतो, हे लिहिताना मला भीती वाटत नाहीये, लाज वाटतेय. इथे लोक अंगावर काटा आणणारे अनुभव लिहितात. माझ्याकडे पिंपळ नाही, अमावस्या नाही, पांढऱ्या साडीतली बाई नाही... आहे ती एक माशांची टाकी. आणि मी कोण, तर आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. लिंबातून रक्त कसं काढतात ते मी वर्गात करून दाखवायचो. गावच्या भगताशी माझं भर रस्त्यात भांडण झालेलं आहे, आणि ते मीच उकरून काढलं होतं.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली, जूचंद्रची. तेव्हा गावाभोवती भाताची खाचरं आणि त्यापलीकडे मिठागरं, एवढंच होतं. वडील लवकर गेले. घरात आई, मी आणि माझा धाकटा भाऊ रमाकांत, म्हणजे रम्या. मी वसईच्या शाळेत मास्तर आणि रम्या मिठाच्या ट्रकवर क्लीनर.

स्टेशनजवळचं एक हॉटेल बंद पडलं तेव्हा त्यांची चार फुटी फिशटँक मला अगदी पडेल भावात मिळाली. लोखंडी अँगलची, पुट्टीने काचा बसवलेली. टाकी स्वस्त, पण एवढ्या पाण्याला फिल्टर लागतो आणि मुंबईच्या दुकानात त्याची किंमत ऐकून मी आल्या पावली परतलो. म्हटलं, आपण सायन्सचे मास्तर, आपणच बनवू. पाण्याच्या प्लास्टिक पाइपाला तापलेल्या दाभणाने भोकं पाडली आणि त्याची जाळी टाकीच्या तळाशी ठेवली. वर खिडकीची जाळी, त्यावर धुतलेली बारीक खडी. कोपऱ्यात एक उभा पाइप. त्या पाइपात खालून हवा सोडली की बुडबुड्यांबरोबर पाणी वर चढतं, मग टाकीतलं पाणी खडीतून खाली ओढलं जातं आणि घाण खडीत अडकते. हवेची नळी म्हणून कंपाउंडरकडून सलाइनची नळी मागून आणली, तिची चकतीही कामाला आली — फिरवली की हवा कमी-जास्त. विकत घेतला तो फक्त छोटा एअर पंप. ‘दादा पानी पन गालून खर्च करतंय’ असं रम्या गावभर सांगत सुटला होता.

पण आमच्याकडची वीज म्हणजे पाहुणी. ती गेली की बुडबुडे थांबायचे आणि मासे वर येऊन तोंडं उघडायचे. त्यावर उपाय रम्याने काढला. ट्रकची एक जुनी ट्यूब आणली, पंक्चरवाल्याकडून तिला सायकलचा वॉल्व बसवून घेतला आणि हवा बाहेर काढायला एक वेगळं नळकांडं. वीज गेली की सायकलच्या पंपाने ट्यूब टम्म भरायची, नळी तिला जोडायची आणि चकती जरा सैल करायची. हवा सावकाश निघत राहायची, पण एका रात्रीपेक्षा जास्त कधीच टिकली नाही. भरायचं काम रम्याचंच, कारण माझे दंड खडूपुरतेच.

त्या वर्षी दिवाळी होऊन गेली होती. संध्याकाळी वीज गेली. रम्याला नायगावच्या कोळीवाड्यातल्या मित्राबरोबर त्याच्या बोटीवर जायचं होतं, मौज म्हणून. जाण्याआधी त्याने घाम गाळून ट्यूब भरली. “सकालपर्यंत पुरंल दादा. मी आलो का परत भरीन,” म्हणाला, पंप सायकलला अडकवला आणि गेला. त्या रात्री वादळ झालं. बाकीच्या बोटी परत आल्या, यांची आली नाही.

पुढचे दिवस मी शाळा सोडून नायगावच्या बंदरावरच होतो. सकाळी जायचो तो दिवस मावळताना परत यायचो. वादळात विजेचे खांब आडवे झाले होते, त्यामुळे घरी अंधार. पहिल्या संध्याकाळी आलो तर बुडबुडे चालू. रम्याने ट्यूब जरा जास्तच ठासून भरलेली दिसतेय, असं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशीही चालू. आई टाकीसमोर बसलेली. मी जवळ गेलो तशी म्हणाली, “ही त्याची हवा हाय. ही हाय तवर तो हाय.”

माझ्या मनात उत्तर तयार होतं. आईच ट्यूब भरत असणार. शेजाऱ्यांकडून पंप मागून आणत असेल. तरी खात्री म्हणून मी ट्यूबला सुतळी गुंडाळून घट्ट गाठ मारली. हवा कमी झाली असती तर सुतळी ढिली पडायला हवी होती. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तशीच ताठ. म्हणजे आई रोज बरोबर तेवढीच हवा भरतेय! माझ्या सिद्धांताला पुरावा मिळाला म्हणून मला बरंही वाटलं. आज ते आठवलं की स्वतःचीच किळस येते.

आळीतल्या बायका म्हणू लागल्या, भगताला विचारा. आई म्हणाली, “भगत कशाला? मना दिसतंय ना.” मग त्याच बायका टाकीकडे येऊन बसायला लागल्या. एकीने काचेला हळदकुंकू लावलं. त्याच संध्याकाळी आमचे हेडमास्तर भेटायला आले. आई बुडबुड्यांशी बोलत होती, रम्याला जेवलास का विचारत होती. गावाला अक्कल शिकवणाऱ्या मास्तराच्या घरात हे चाललेलं बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हेडमास्तरांना ओटीवर नेलं आणि म्हटलं, आईच्या मनावर परिणाम झालाय. रम्याबद्दल बोलताना म्हणालो, “फार गुणी होता हो.”

होता. माझ्या तोंडून तो शब्द इतक्या सहज गेला की माझ्याही लक्षात आलं नाही. आत आई बोलायची थांबली तेव्हा लक्षात आलं.

पण ती मला एका शब्दाने बोलली नाही. रात्री उलट मलाच जास्तीचा भात वाढला.

आठवडा झाला. गावात लोक माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले होते. त्या दिवशी पाय उचलेना म्हणून मी बंदरावर गेलोच नाही. दुपारी ओटीवर बसलो होतो, तर नाक्यावर मिठाचा एक ट्रक थांबला आणि त्यातून रम्या उतरला. काळवंडलेला, ओठ फुटलेले, अंगात कुणाचा तरी ढगळ सदरा. बोट फुटली होती. एका गुजराती गलबताने सगळ्यांना उचललं, तिकडच्याच बंदरात उतरवलं. तार केली होती म्हणे, ती मागाहून पोहोचली.

आई रडली नाही. तिने त्याला पाणी दिलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि अख्ख्या आळीसमोर म्हणाली, “आधी दादाच्या पाया पर. माझ्यासाठी रोज तुझी टूब भरली त्याने.”

रम्या वाकला. मला वाटलं, आई स्वतःचं गुपित झाकतेय, तर झाकू दे. मी त्याला उठवलं. त्याचे डोळे भरून आले होते. तेवढ्यात त्याने विचारलं, “पन दादा, पंप कुठून आनलास? आपला पंप सायकलला, न् सायकल नायगावला.”

“आणला कुठूनतरी,” मी म्हणालो.

दोन दिवसांनी आई सुपात तांदूळ निवडत बसली होती. घरात आम्ही दोघंच. मी शक्य तितक्या सहज विचारलं, ट्यूब तूच भरत होतीस ना? तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि हसली.

“मना कुठं येतं ते? मना सगला ठावं हाय. दुपारचा तू हलूच येस. पंप वाजे तो मी आयकं. तू भरस तवर त्याची हवा हाय, असा मी मनाला सांगं. मी डोले मिटूनच पडं. मास्तर मानूस, आईसाठी असला काय करतंय म्हनून तुला लाज नको वाटाया.”

शेवटचा दिवस सोडला तर त्या सगळ्या दुपारी मी नायगावच्या बंदरावर होतो. सोबत कोळीवाड्यातली माणसं होती. आळीत घरोघर विचारलं, आमच्या घरी कुणीच पंप दिला नव्हता, कुणी येताना-जाताना दिसलंही नव्हतं. रम्या आला त्याच रात्री ट्यूब बसली, हे मात्र मी स्वतः पाहिलं. पुढे वीज आल्यावरही मी ती ट्यूब कितीदा तरी ठासून भरून बघितली, चकती जेमतेम उघडून बघितली. सकाळ कधी उलटली नाही. पंक्चरवाल्यानेही पाण्यात बुडवून बघितली आणि म्हणाला, जुना माल आहे मास्तर, यात हवा किती राहणार?

आईला मी खरं सांगितलं नाही. आधी धीर झाला नाही, मग उशीर झाला. ती गेली तोपर्यंत प्रत्येक पाहुण्याला ती गोष्ट सांगायची — माझा मोठा वरून कोरडा दिसतो, पण धाकट्यासाठी आठवडाभर गुपचूप हवा भरली त्याने. रम्या आजही त्याच्या नातवंडांना तेच सांगतो आणि ती पोरं माझ्याकडे कौतुकाने बघतात. मी खाली मान घालतो, तर त्यांना तो माझा विनय वाटतो.

कुणाकडे काही स्पष्टीकरण असेल तर जरूर द्या, मी वाचेन. पण खरं सांगू? हवा कुणी भरली, हा प्रश्न मला आता तितकासा छळत नाही. घरात आई डोळे मिटून वाट बघत पडलेली होती, आणि तिच्यासाठी एकदा पंप मारावा हे मला सुचलंसुद्धा नाही. ते दुसऱ्याच कुणाला तरी सुचलं.