फाटकापाशी वळणारी बाई

सौदीतल्या थुवालच्या विद्यापीठात मी फाटकावर कामाला होतो. तिथे एक जर्मन बाई रोज धावायची. तरुणपणी ती देशाकडून लांब पल्ल्याच्या शर्यती धावलेली. फाटकाशी आली की बाहेरच्या सरळ रस्त्याकडे बघत जागच्या जागी पाय उचलत राहायची, मग वळायची. बाहेर बाईने धावायचं नाही, असा रिवाज. कसला रिवाज, दांडगाईच ती.

माझ्या जागी सौदी माणूस घ्यायचं ठरलं, तेव्हा मी तिला म्हणालो, "मॅडम, मी चाललो. गावी, कोकणात."

"तिकडे रस्ते सरळ आहेत?"

"एकही नाही. नुसती वळणं."

"वळणं चालतील," ती म्हणाली. "धावणाऱ्या बाईला कुणी परत फिरवत नाही ना?"

मी 'नाही' म्हणणार होतो, पण गावात धावणारी एकही बाई मला आठवेना.